बारा डब्यांची दंतकथा : हेलेना रुबिनस्टाइन आणि सौंदर्यप्रसाधनांचा उदय

१/
१८९६ साली तेवीस वर्षांची एक अविवाहित ज्यू तरुणी युरोप सोडून ऑस्ट्रेलियाकडे निघाली. तिच्याजवळ पैसा नव्हता, पदवी नव्हती आणि इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. १९६५ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये वारली, तेव्हा जगातील अतिश्रीमंत स्त्रियांत तिची गणना होत होती. तिचे नाव हेलेना रुबिनस्टाइन. तिची कथा आणि तिनेच स्वतःविषयी रचलेली दंतकथा, या दोन्हींचा हा धागा.

२/
जन्म २५ डिसेंबर १८७२, क्राकूव शहरातील काझिमिएश या ज्यू वस्तीत. तेव्हा पोलंड नावाचे राष्ट्र नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते शतकभरापूर्वीच वाटून घेतले होते आणि क्राकूव ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतात मोडत होते. वडिलांचे लहानसे दुकान, घरात आठ मुली. त्यांतली ही थोरली. जन्मनाव हाया.

३/
थोरल्या मुलीचे लग्न लांबले की धाकट्यांची लग्ने अडतात, हा हिशेब मराठी घरांना नवा नाही. काझिमिएशमध्येही तो तसाच चाले. वडिलांनी पाहिलेले स्थळ तिने नाकारले. घरात तणाव वाढला. ती आधी व्हिएन्नाला मावशीकडे गेली आणि तेथून ऑस्ट्रेलियाला, आईच्या भावाकडे. या प्रवासातच ‘हाया’ची ‘हेलेना’ झाली. नोंदवलेले वयही काही वर्षांनी उतरले. पुढे आयुष्यभर ते उतरतेच राहिले.

४/
मामांचे दुकान व्हिक्टोरिया वसाहतीच्या पश्चिम भागात, कोलरेन नावाच्या छोट्या गावी होते. गावाभोवती दूरवर कुरणे आणि त्यांत मेरिनो जातीच्या मेंढ्यांचे कळप. व्हिएन्नाच्या नाट्यगृहांची ओळख झालेल्या तरुणीला ही जागा रुक्ष वाटली. मामांशीही तिचे जमले नाही. मात्र तिचे पुढील सारे वैभव ज्या कच्च्या मालावर उभे राहिले, तो मेंढ्यांच्या अंगावरच होता.

५/
येथे दंतकथा सुरू होते. हेलेना सांगत असे की आईने निघताना सामानात चेहऱ्याला लावायच्या मलमाच्या बारा डब्या घातल्या होत्या. ते मलम याकोब लिकुस्की नावाच्या रसायनतज्ज्ञाने कार्पेथियन पर्वतातील वनौषधींपासून बनवलेले. कोलरेनच्या उन्हाने रापलेल्या बायका तिची नितळ कांती पाहून चकित झाल्या, डब्या मागू लागल्या, आणि धंदा जन्मला.

६/
कथा सुबक आहे. तिच्यात आईची माया आहे, दूरदेशीचा पर्वत आहे, विद्वान वैद्य आहे. पण बारा डब्या किती दिवस पुरणार? क्राकूवहून व्हिक्टोरियाला माल येण्यास कित्येक आठवडे लागत. ज्या प्रमाणात पुढे विक्री झाली, ते पाहता माल ऑस्ट्रेलियातच तयार होत असला पाहिजे. आणि त्यासाठी लागणारा मुख्य पदार्थ कोलरेनमध्ये मुबलक होता.

७/
तो पदार्थ म्हणजे लॅनोलिन. मेंढीच्या कातडीतून एक मेणचट द्रव्य पाझरते. लोकर पावसात भिजू नये आणि कातडी फाटू नये, ही निसर्गाने केलेली सोय. लोकर धुताना हे मेण निघते. १८८२ मध्ये ओटो ब्राउन आणि ओस्कार लीब्राइख या जर्मन संशोधकांनी ते शुद्ध करण्याची कृती पुढे आणली आणि त्याला लॅनोलिन हे नाव दिले. ते त्वचेला मऊ ठेवते, पाणी धरून ठेवते.

८/
अडचण एकच : वास. कच्च्या लॅनोलिनला मेंढीचा उग्र दर्प असतो. तो झाकण्यासाठी लव्हेंडर, पाइनची साल, कुमुदिनी अशा सुगंधी द्रव्यांचा उपयोग झाला. म्हणजे वनस्पती होत्या, पण औषध म्हणून कमी आणि वास मारण्यासाठी अधिक. कार्पेथियन पर्वताची ख्याती ज्या मलमाला लाभली, त्याचा खरा पत्ता कोलरेनच्या मेंढवाड्यात होता.

९/
कोलरेन सोडल्यानंतर तिने क्वीन्सलंडमध्ये श्रीमंत घरी मुलांना सांभाळण्याची नोकरी केली आणि नंतर मेलबर्नला येऊन ‘विंटर गार्डन’ या चहागृहात ग्राहकांना चहा-नाश्ता दिला. ही नोकरी तिच्या कामी आली. चहागृहात व्यापारी, कलावंत, पत्रकार येत. भांडवल आणि ओळखी या दोन्ही गोष्टी बँकेच्या दारात जिला मिळाल्या नसत्या, तिला त्या टेबलांमध्ये वावरताना मिळाल्या.

१०/
काळही जुळून आला. १८९३ च्या बँकबुडीने मेलबर्नचे कंबरडे मोडले होते. नव्या शतकाबरोबर शहर सावरत होते. १९०१ मध्ये वसाहतींचे संघराज्य झाले. १९०२ मध्ये संघीय निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार मिळाला. कारखान्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत काम करून स्वतःचा पगार घेणाऱ्या तरुणींची संख्या वाढत होती. स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी काही विकत घेणारी स्त्री, हा तेव्हा नवा ग्राहक होता.

११/
या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मताधिकाराच्या त्याच १९०२ च्या कायद्याने ऑस्ट्रेलियातील बहुतेक आदिवासींना मतापासून वगळले. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यानुसार नकोशा प्रवाशाला युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालता येई, आणि भाषा अधिकारी निवडत असे. भारतीय, चिनी यांना रोखण्याचा तो मार्ग होता. तुटके इंग्रजी बोलणारी हेलेना मात्र गोरी म्हणून त्या समाजात सामावली. १९०७ मध्ये तिला तेथील नागरिकत्वही मिळाले.

१२/
१९०२-०३ च्या सुमारास तिने मेलबर्नमध्ये आपले सौंदर्यगृह उघडले. मलमाचे नाव ‘वालाझ’. जाहिरातींत ते ‘रशियन त्वचान्न’ होते आणि डॉ. लिकुस्की हे नामांकित त्वचातज्ज्ञ. क्राकूव ऑस्ट्रियात, मेंढी व्हिक्टोरियातली, पण नाव रशियाचे. कारण रशिया म्हटले की मेलबर्नच्या ग्राहकाच्या डोळ्यांपुढे बर्फ, राजवाडे आणि गोऱ्यापान सरदारकन्या उभ्या राहत.

१३/
वालाझ काय करील असे सांगितले जाई? चट्टे घालवील, उन्हाचा रापलेपणा काढील, कांती उजळ करील. उजळपणाची ही भाषा भारतीय वाचकाला अगदी ओळखीची वाटेल. ऊन अंगावर घेणारी ती श्रमकरी आणि सावलीत राहणारी ती खानदानी, ही जुनी उतरंड या डबीत भरून विकली जात होती. हेलेनाने ही उतरंड निर्माण केली नव्हती, पण तिच्यावर पैसा मात्र केला.

१४/
तिची धंद्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट किंमत. तिने माल मुद्दाम महाग ठेवला. स्वस्त मलमावर ग्राहकाचा विश्वास बसत नाही, हे तिने लवकर ओळखले. दुसरी, सल्ला. ग्राहक स्त्रीला बसवून तिची त्वचा तपासली जाई आणि मग काय लावावे ते सांगितले जाई. तिसरी, प्रसिद्धी. ऑस्ट्रेलियन रंगभूमीवरील लाडकी अभिनेत्री नेली स्ट्युअर्ट हिचे नाव जाहिरातीत झळकले.

१५/
चौथी गोष्ट सर्वांत दूरगामी ठरली : त्वचेचे वर्गीकरण. कोरडी, सामान्य आणि तेलकट, हे आज कोणत्याही दुकानात ऐकू येणारे शब्द सौंदर्यव्यवसायात रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. यात निरीक्षण होते आणि व्यापारही होता. एकच मलम सर्वांना चालते म्हटले की एकच डबी खपते. प्रत्येकीची त्वचा वेगळी म्हटले की साफ करायचे वेगळे, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे.

१६/
मेलबर्ननंतर सिडनी आणि न्यूझीलंडमधील वेलिंग्टन. १९०८ मध्ये तिने लंडनच्या मेफेअर भागात सौंदर्यगृह थाटले. त्याच वर्षी एडवर्ड टायटस या पोलिश वंशाच्या अमेरिकन पत्रकाराशी लग्न केले. १९०९ आणि १९१२ मध्ये दोन मुलगे झाले. तेव्हाच्या लंडनमध्ये चेहऱ्याला रंग लावणे नटी आणि वेश्या यांचे काम मानले जाई. म्हणून तिने सुरुवातीला रंग विकलाच नाही; त्वचेची ‘निगा’ विकली. निगा आरोग्यात मोडते आणि आरोग्याला कुणी नावे ठेवत नाही.

१७/
धंदा पसरला तसा माणसांचा प्रश्न आला. परक्याच्या हाती गल्ला देण्यास ती तयार नव्हती. उत्तर घरातच होते : बहिणी. चेस्का मेलबर्नला मदतीस आली आणि पुढे लंडन सांभाळू लागली. पॉलिनकडे पॅरिस, मान्काकडे अमेरिकेतील काम. पुढच्या पिढीतील भाची माला हीही कंपनीत उभी राहिली. ज्या मुलींच्या लग्नाची काळजी काझिमिएशमधील वडिलांना होती, त्यांतल्या काही आता तीन खंडांत दुकाने चालवत होत्या.

१८/
पहिले महायुद्ध भडकले आणि कुटुंब अमेरिकेला गेले. १९१५ मध्ये न्यूयॉर्कला सौंदर्यगृह सुरू झाले. तेथे एक प्रतिस्पर्धी आधीच ठाण मांडून होती : एलिझाबेथ आर्डेन. मूळ नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल ग्रॅहॅम, जन्म कॅनडात, गरीब घरात. म्हणजे तीही स्थलांतरितच, आणि तिनेही नाव बदललेले. १९१० पासून फिफ्थ ॲव्हेन्यूवर तिचे दालन होते.

१९/
या दोघींनी जवळजवळ अर्धशतक एकमेकींशी झुंज दिली आणि त्या कधी भेटल्या नाहीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आर्डेनने हेलेनाचा सरव्यवस्थापक फोडला. हेलेनाने १९३९ मध्ये आर्डेनच्या घटस्फोटित पतीलाच, थॉमस लुईस याला, नोकरीवर ठेवले. किस्से रंजक आहेत, पण मुद्दा त्यांच्या पलीकडचा आहे. अमेरिकेतील एका उद्योगाच्या आघाडीवर दोन परदेशी बायका होत्या.

२०/
असे का घडले? इतिहासकार कॅथी पीस यांनी १९९८ मधील आपल्या अभ्यासग्रंथात दाखवले आहे की अमेरिकी सौंदर्यव्यवसायाच्या आरंभी स्त्रियांचा, त्यातही स्थलांतरित, श्रमिक आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा, मोठा सहभाग होता. पोलाद, रेल्वे, बँका यांची दारे बंद होती. मलम मात्र स्वयंपाकघरात घोटता येई, भांडवल थोडे लागे, पदवी लागत नसे आणि ग्राहक शेजारीणच असे. पुरुषांना हा धंदा क्षुल्लक वाटला, म्हणून तो बायकांना मोकळा मिळाला.

२१/
तो क्षुल्लक नाही, हे १९२८ मध्ये लेहमन ब्रदर्स या बँकेला कळले. तिने हेलेनाचा अमेरिकेतील व्यवसाय ७३ लाख डॉलर्सना विकत घेतला. नव्या मालकांनी माल स्वस्त करून सर्वत्र पोहोचवण्याचा घाट घातला आणि ज्या महागपणावर नाव उभे होते तेच डळमळू लागले. १९२९ मध्ये बाजार कोसळला. समभाग गडगडले. हेलेनाने लहान भागधारक स्त्रियांना हाताशी धरून, शेअर गोळा करून, कंपनी विक्रीच्या किमतीच्या अगदी लहान अंशात परत मिळवली.

२२/
पण या व्यवहाराचा घरगुती जमाखर्च वेगळा होता. टायटस पॅरिसमध्ये पुस्तकांचे दुकान आणि प्रकाशनसंस्था चालवत होता; डी. एच. लॉरेन्सच्या वादग्रस्त ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची पॅरिस आवृत्ती त्यानेच १९२९ मध्ये काढली. त्या संस्थेमागे हेलेनाचा पैसा होता. ती सतत प्रवासात, तो सतत दुसरीकडे गुंतलेला. विवाह मोडला. मुलगेही तिला फारसे लाभले नाहीत. १९३८ मध्ये तिने जॉर्जियन राजकुमार म्हणवणाऱ्या आर्चिल गुरिएली याच्याशी लग्न केले आणि ती ‘प्रिन्सेस’ झाली. बिरुदाचा बाजारातील उपयोग तिला ठाऊक होता.

२३/
१९३८ हे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. अमेरिकेच्या १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधने नव्हतीच. पापण्या रंगवण्याच्या एका विषारी द्रव्याने स्त्रियांची दृष्टी गेल्यावर मागणी वाढली आणि १९३८ च्या कायद्याने ती प्रथमच संघीय नियंत्रणाखाली आली. ‘त्वचेचे अन्न’ अशी भाषा आता तपासली जाऊ लागली. पांढरा डगला घालून, काचपात्र हाती धरून छायाचित्रे काढणाऱ्या हेलेनाच्या पिढीला मिळालेली मोकळीक येथे आटली.

२४/
ज्यू असणे मात्र पैशाने पुसले गेले नाही. प्रसिद्ध गोष्ट अशी : न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवरील एका इमारतीत तिला घर हवे होते, पण ज्यूंना जागा देत नाही असे उत्तर मिळाले. तिने इमारतच विकत घेतली. तिथल्या तीन मजली घरात तिचा कलासंग्रह मांडला गेला. आफ्रिकी शिल्पांची गोडी तिला फार लवकर लागली होती. दाली, दुफी, मारी लोरांसँ यांनी तिची चित्रे काढली. पिकासोने १९५५ मध्ये रेखाटने केली, पण पूर्ण चित्र कधी दिले नाही.

२५/
१ एप्रिल १९६५ रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ती वारली. आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर वाचकांसमोर आले आणि त्यात बारा डब्यांची कथा होतीच. पुढे कंपनी १९७३ मध्ये कोलगेट-पामोलिव्हकडे आणि १९८० च्या दशकात लोरेआलकडे गेली. तिने १९५३ मध्ये स्थापन केलेली संस्था २०११ पर्यंत शिक्षण, कला आणि आरोग्य यांसाठी निधी देत राहिली. तेल अवीवमध्ये तिच्या नावाचे कलादालन १९५९ मध्ये सुरू झाले.

२६/
मग बारा डब्यांच्या कथेचे काय करायचे? आत्मचरित्र हे साधन म्हणून वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हे घडले का, हा पहिला. हे असेच सांगणे तिला का आवश्यक वाटले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लॅनोलिनच्या वासात मिळते. दुसऱ्याचे उत्तर त्या काळात आहे. शिक्षण नसलेल्या, परदेशी, अविवाहित स्त्रीचे ज्ञान कुणी विकत घेतले नसते. डॉक्टर, पर्वत आणि आई यांचे असल्याचे सांगितल्यावर तेच ज्ञान खपले.

२७/
यातून फसवणूक धुऊन निघत नाही. मेलबर्नच्या दुकानात पगार मोजून डबी घेणाऱ्या मुलीला ती मेंढीचे मेण घेत आहे हे सांगितले गेले नाही. पण तिच्या दंतकथेने एक गोष्ट झाकली, जी खरे तर दंतकथेहून मोठी होती : परक्या गावात, नको असलेल्या पाहुणीसारखी राहत असताना, आजूबाजूच्या सर्वांना जे रोज दिसत होते त्यात तिला एकटीला माल दिसला. ते श्रेय तिने स्वतःच एका वैद्याला देऊन टाकले.

२८/
शेवटची नोंद बहिणींची. आठांपैकी काहींना हेलेनाच्या व्यवसायाने क्राकूवबाहेर काढले. रेगिना मात्र पोलंडमध्येच राहिली. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात ती मारली गेली. काझिमिएशमधील ज्या वस्तीत या मुली वाढल्या, ती वस्तीच त्या वर्षांत रिकामी करण्यात आली. १८९६ मध्ये स्थळ नाकारून निघालेल्या थोरलीला आपण कशातून सुटत आहोत याची कल्पना असणे शक्य नव्हते. तिने सांगितलेल्या कथेत आईने दिलेल्या डब्या आहेत. तिच्या मागे राहिलेल्या घराची कथा तिने फारशी सांगितली नाही.

(समाप्त)